लाल अळंबीच्या काचऱ्या

प्रिय ताई,

एका अत्यंत गंभीर बाबीकडे तुझं लक्ष वेधावं म्हणून हे पत्र. तुझ्या स्वयंपाकघरात ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात रवा आहे, ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात साबुदाणा आहे, आणि प्रत्यक्ष साखर कॉफीच्या एका जुन्या बरणीत शेगडीमागे अज्ञातवास भोगते आहे. इथे राहायला आले त्या पहिल्या दिवशी मी भाऊजींना सैंधव घातलेला चहा दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला आणि कप विसळून ठेवला. तुझ्या नवऱ्याने खारट चहाबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून तू गेल्यावर या घराची काय अवस्था झाली असेल ते तूच समज.

कॉलेजात तू कडुलिंबाच्या काडीलासुद्धा चिठ्ठी बांधायचीस. शास्त्रीय नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. एखादा मुलगा तारीख लिहायला विसरला तर नमुना त्याच्या हातात परत. आणि घरी? घरी एका बरणीवर कधी अक्षर लिहिलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, “मला माहीत आहे ना कशात काय आहे ते.”

हो, तुला माहीत होतं. सगळी पंचाईत तिथेच झाली.

काल तुला जाऊन वर्ष झालं. श्राद्ध पार पडलं, मंडळी जेवून, तुझे गुण आठवून आणि वाटेत वाहतूक किती होती हे सांगून गेली. आज सकाळी मी तुझ्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. गेले काही दिवस या घरात एक प्रश्न पडून होता. त्याचं उत्तर देऊ शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते ऐनवेळी घरात नव्हतं. दुसऱ्या कोणाला लिहू?

सुरुवात नसीमभाभींच्या फोनने झाली. समोरच्या दारातून तू त्यांच्याशी इतकी वर्षं बोललीस, पण त्यांना फोनवर ऐकलं नसशील. फोनवर त्या हळू बोलतात आणि त्यामुळे जास्त भीती वाटते.

“मंजूताई, तुम्ही एकदा येऊन जा.”

“काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?”

“बरे आहेत. म्हणजे हिंडतायत-फिरतायत. आज एक बरणी घेऊन आले माझ्याकडे. म्हणाले, भाभी, सुकं मटण समजा आणि तुमच्या पद्धतीने करून द्या. झाकण उघडलं तर लाल लाल काचऱ्या. हे काय म्हटलं, तर म्हणाले, शैलाने माझ्यासाठी आणलेली अळंबी.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“सांगितलं, माझी मोठी कढई बहिणीकडे गेलीय. खोटं बोलले.”

“छान केलंत.”

“ते वर गेल्यावर ठरेल. तुम्ही या. आणि एक सांगू? खायला उतावीळ झालेला माणूस मला ओळखता येतो, माझ्या घरात तीन आहेत. यांना भूक लागलेली दिसत नव्हती.”

ताई, हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी रिक्षा केली.

तुझा नवरा टेबलाशी ताठ बसला होता. समोर बरणी, बरणीखाली स्वच्छ रुमाल. खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर तोफगोळे तपासलेला माणूस. केसाएवढी चीर दिसली की माल बाजूला. तुला बघायला आला होता तेव्हा पोहे येईपर्यंत त्याने आपल्या दाराची बिजागरी तपासली होती, आणि बाबांना सांगितलं होतं की वरची सैल आहे. मुलगी पसंत आहे की नाही ते सांगायला मात्र त्याने आठवडा घेतला.

“तुला भाभींनी फोन केला असेल,” भाऊजी म्हणाले.

“छे. सहज आले.”

“धायरीहून खडकीला सहज कोणी येत नाही, मंजू.”

श्राद्धाआधी घर आवरावं म्हणून ते माळ्याखालच्या फळ्या पुसत होते. वरच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या मागे ही सापडली. जुन्या रुमालात गुंडाळलेली. आत वाळलेले काप. मध्ये फिकट पिवळट, कडेला डाळिंबाच्या सालीसारखी गडद लाल रेघ. चिठ्ठी अर्थातच नाही. तुझ्या टिपणवह्याही भाऊजींनी पाहिल्या. त्यात पाऊस आहे, उंची आहे, गेस्ट हाऊसच्या ढेकणांविषयी एक कडक शेरा आहे. बरणीविषयी काही नाही.

“तिने आणली,” भाऊजी म्हणाले. “शेवटच्या खेपेला. माझ्यासाठी.”

“तुम्हाला म्हणाली होती तसं?”

“म्हणाली होती की. लाल आणीन म्हणून.”

आता सांग, याला मी काय म्हणू? ‘लाल आणीन’ हे तुमच्या घरातलं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे. दर भाद्रपदात तू जुन्या विद्यार्थ्यांची टोळी घेऊन हिमाचलातल्या देवदारांच्या रानात जायचीस. आणि दर वेळी तू दारात बूट घालताना भाऊजी म्हणायचे, “एवढी जातेस, घरी खायला कधी काही आणत नाहीस.” तू म्हणायचीस, “आणीन हं. फार बोलाल तर लाल आणीन.” तुमचा तो निरोपाचा विधी होता. त्यात लाडीगोडी किती आणि धमकी किती, हे तुमच्या लग्नाबाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

लाल अळंबीविषयी मला जे माहीत आहे ते तुझ्याकडूनच, आणि तेही अर्धवट ऐकलेलं. देवदाराच्या सुयांचा जाड गालिचा, पाय टाकला की आवाजच होत नाही. आणि त्यातून एकदम वर आलेली ती टोपी, ओल्या लाखेसारखी चकचकीत. तू सांगत होतीस, की एकीचा दांडा खडूसारखा कटकन मोडतो. तिच्या बहिणी पुष्कळ. एक खातात, एक खाल्ली की आतडी बाहेर येतील इतक्या उलट्या होतात. आणि एक लाल वेगळ्याच घराण्यातली, दांड्याला झालर, तळाशी गड्डा, टोपीवर पांढरे ठिपके. पण ठिपक्यांवर विसंबू नकोस, पाऊस ते धुऊन नेतो. हे तू मला सांगत होतीस तेव्हा मी मटार सोलत होते आणि मध्येच विचारलं होतं, “मग ओळखायची कशी?” तू म्हणालीस, “माणूस ओळखतेस तशी. नुसत्या टोपीवरून ओळखतेस का?”

बरणीत, ताई, नुसती टोपीच आहे. तीही कापलेली.

भाऊजींचा बेत मी शांतपणे ऐकून घेतला. श्राद्धाच्या दिवशी तुझ्या आवडीचे पदार्थ करायचे, त्यात ही भाजी करायची, तुझ्या नावाच्या पानात वाढायची, आणि मग स्वतः खायची.

“श्राद्धाच्या पानात अळंबी चालते?”

“गुरुजींना फोन केला होता.”

“काय म्हणाले?”

“पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

“आणि विषारी असली तर?”

“पान आधी गच्चीवर ठेवणारच आहोत. कावळा शिवेल ना.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी पदर तोंडाला लावला, हसू येत होतं म्हणून की रडू, ते तेव्हा ठरलं नव्हतं. कावळा शिवला तर काय सिद्ध होणार, तू तृप्त झालीस की अळंबी खाण्यालायक आहे? आणि नाही शिवला तर? तुझी काही इच्छा राहिली असं समजून आम्ही हात जोडून कबुल्या देत बसायचं, आणि कावळा बापडा केवळ शहाणा असायचा.

“भाऊजी, कावळ्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. ताई असती तर काय म्हणाली असती?”

“ती असती तर तिनेच केली असती,” ते म्हणाले. “पुढचा प्रश्न आलाच नसता.”

मग मी आईचा चांदीचा चमचा काढला. शिजताना चांदी काळी पडली तर विष, असं आई म्हणायची. त्यावर तू आईला सुनावलं होतंस, की त्या चमच्याने एवढंच कळतं की चमचा चांदीचा आहे. भाऊजींनी तेच वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं. तू नाहीस, पण तुझे टोमणे या घरात अजून कामावर आहेत.

मी सगळं केलं. ओरडले. विनोद केले. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, याची आठवण दिली. ते ऐकत होते आणि रुमालाच्या घड्या सरळ करत होते. मेहुणीचा अधिकार केवढा? मी बरणी उचलून नेऊ शकत होते, पण सत्तरीला आलेल्या माणसाच्या हातून त्याच्या बायकोने ठेवलेली वस्तू हिसकावायची कशी, हे मला कोणी शिकवलं नाही. आणि मला खरी भीती बरणीची नव्हतीच. भाभी म्हणाल्या ते मलाही दिसत होतं. त्यांना भाजी खायची नव्हती. तू आणलेलं काहीतरी पोटात घ्यायचं होतं, आणि पुढे जे होईल त्याची त्यांना फारशी पर्वा नव्हती.

शेवटी एवढंच ठरलं, की मी एक काप वैदेहीला दाखवून आणायचा. वैदेही तुला आठवेलच. तुझी विद्यार्थिनी, आता तीच शिकवते. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी एका डबीत तो काप घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेले.

“कुठल्या झाडाखाली मिळाली, मावशी?”

“लोणच्याच्या बरण्यांमागे.”

तिने भिजवला, कातरला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि बराच वेळ डोळा लावून बसली. मलाही दाखवलं. काटे आलेल्या मण्यांसारखे गोल गोल बीजाणू. “रसुला,” ती म्हणाली. “हे नक्की. ती दुसरी, ठिपकेवाली, नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. “म्हणजे खाता येईल?”

“मावशी, रसुला हे आडनाव आहे. सूचिपर्णी झाडांखाली येणारी, लाल टोपीची, पांढऱ्या दांड्याची या आडनावाची मंडळी खूप. नाव सांगायला मला ताजी हवी, तिची चव हवी, कुठल्या झाडाखाली होती ते हवं. सुकवल्यावर तिखटपणासुद्धा भरवशाचा राहत नाही.”

“त्यातल्या वाईटात वाईट निघाली तर जीव जातो का?”

“तरुण माणसाचा सहसा जात नाही. काकांचं वय?”

मी वय सांगितलं. स्टेंटचं सांगितलं.

“मग मला विचारूच नका,” ती म्हणाली. “आणि हा एक काप झाला. बरणीतले बाकीचे याच अळंबीचे आहेत, हे तरी कोण सांगणार? मॅडमशिवाय?”

सगळी वाक्यं फिरून तुझ्यापाशीच येतात, ताई. तुला कंटाळा नाही आला?

निघताना तिने बरणीतले बाकीचे काप कसे आहेत म्हणून विचारलं. मी ताटात पसरून मोबाइलवर फोटो काढले होते. तिने ते मोठे करकरून पाहिले. “तळ कुठे आहे?”

“कसला तळ?”

“दांड्याचा खालचा भाग. एकाही कापाला नाही. मॅडमनी कापून टाकला असेल तर… असं त्या कधीच करायच्या नाहीत. नमुना मातीसकट उचलायचा, उभा चिरायचा. आमच्यातल्या एकाने वरून खुडून आणली होती तर त्याला परत डोंगर चढायला लावला होता. तळ नसलेली अळंबी म्हणजे पत्ता फाडलेलं पाकीट, म्हणायच्या.”

मी डबी पर्समध्ये टाकली आणि बसस्टॉपवर उभी राहिले. मी वर्तमानपत्रात लेख लिहिते, आणि माझ्या लेखणीला जगातलं सगळं लवकर कळतं असा माझा लौकिक आहे. हे कळायला दोन बस जाऊ द्याव्या लागल्या. नमुन्याचा तळ तू कधीही कापणार नाहीस. तळ कोण कापतं? जिला माती नको असते ती. जी धुऊन, निवडून, खाण्यासाठी कापते ती.

म्हणजे ती खरंच त्यांच्यासाठी होती.

आणि हे त्यांना सांगितलं, की ते खाणार. बघ माझी अवस्था. पुरावा हाती लागला आणि तो नेमका चुकीच्या बाजूचा. मी बसमध्ये तीन खोट्या गोष्टी तयार केल्या. एक, वैदेहीने विषारी सांगितली. दोन, बुरशी लागली आहे. तीन, बरणी बसमध्ये विसरले. तिसरी जमणार नव्हती, कारण बरणी त्यांच्याकडेच होती; यावरून मी किती भानावर होते ते लक्षात येईल.

दार त्यांनीच उघडलं. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, “विषारी आहे का ते मला नकोय. तिने माझ्यासाठी आणली होती का, एवढं कळलं असेल तर सांग.”

तिन्ही खोटी वाक्यं तिथल्या तिथे विरली. मी सांगून टाकलं. तळ नाही, म्हणून नमुना नाही, म्हणून खाण्याची.

ते टेबलाशी गेले. दोन चष्मे आहेत त्यांचे. त्यातला जवळचा लावला. एक काप खिडकीच्या उजेडात धरला, आडवा, मग उभा. कारखान्यात हा माणूस कसा दिसत असेल, ते मी पहिल्यांदा पाहिलं. दुसरा काप घेतला. तिसरा.

“मंजू, हे ब्लेडने कापलेलं नाही.”

“मग?”

“एका कडेला जाड आहे आणि दुसरीकडे कागद. आणि किंचित वळलेला. हा विळीचा काप आहे.”

“अहो भाऊजी, हिमाचलात विळी कुठून येणार?”

ते उठले. आत गेले आणि तुझी प्रवासाची पिशवी घेऊन आले, वर्षभर कोणी न उघडलेली. त्यातून तुझी ती घडीची विळी काढली. ती मी विसरलेच होते. चारधामला, काश्मीरला, मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला, सगळीकडे नेलेली. सुरी ही फळं कापायची वस्तू आहे, असं तुझं मत. भाऊजी सांगत होते आणि मी ऐकत होते, की तुझ्या पिशवीत दोन्ही असायचं. नमुन्याला ब्लेड आणि खाण्याला विळी, आणि दोन्हींची गाठ कधी पडू द्यायची नाही. एकदा कोणी विद्यार्थ्याने गेस्ट हाऊसच्या सुरीने नमुना चिरला, तर तू ती सुरी विकत घेऊन मालकादेखत फेकून दिलीस म्हणे. मला का नाही सांगितलंस कधी? मी त्यावर लेख लिहिला असता. बहुधा म्हणूनच.

मग तुझा नवरा, गुडघे दुखतात म्हणून देवाला उभ्याने नमस्कार करणारा, वर्तमानपत्र अंथरून जमिनीवर विळीशी बसला. फ्रीजमधून मुळा आणायला लावला. चार काचऱ्या केल्या, फार वाईट केल्या, आणि अळंबीच्या कापाशेजारी ठेवल्या.

“माझा हात तिचा नाही,” ते म्हणाले. “पण पातं तेच.”

खरंच तसंच दिसत होतं, ताई. किंवा मला तसं दिसावंसं वाटत होतं. वाळलेली कुठलीही गोष्ट वाकडी होते, हे मी तेव्हाही जाणत होते. पण ते वर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात मी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि मी म्हटलं, “हो. विळीच.”

आणि झालं. आता माझ्याकडे अडवायला काहीच उरलं नाही. बायकोने नवऱ्यासाठी निवडून, कापून, वाळवून, रुमालात बांधून आणलेली भाजी. कोणत्या तोंडाने म्हणू, खाऊ नका? त्यांनी एक काप वाटीत टाकला, वर पाणी घातलं. काप हळूहळू फुगला. लाल रंग पाण्यात थोडा उतरला. आम्ही दोघं त्या वाटीकडे बघत बसलो. बाहेर भाभींच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला सारखं वाटत होतं, की तू आतून हात पुसत येशील आणि म्हणशील, ‘काय चाललंय?’

एक विचारू? भाद्रपदात आणलीस, मग केली का नाहीस? पितृपक्ष होता, मग नवरात्र, मग दिवाळी, मग तुमच्या पुतणीचं डोहाळजेवण. कसला मुहूर्त बघत होतीस? मार्गशीर्षात एक गुरुवार सोडून सगळे वार मोकळे होते. एकदा केली असतीस, त्यांना वाढली असतीस, तू समोर बसून खाल्ली असतीस. मग पौषात गेली असतीस तर निदान हा एक प्रश्न आमच्या गळ्यात टाकून गेली नसतीस.

“मंजू,” भाऊजी म्हणाले, “आमच्याकडे माल कितीही चोख दिसू दे, तपासणाऱ्याची सही नसेल तर गेटबाहेर जायचा नाही. मी स्वतः पेट्या अडवल्यात. साहेब भांडायचे. डोळ्यांना दिसतंय ना चांगला आहे, म्हणायचे. मी म्हणायचो, दिसतंय. सही आणा.”

“आणि तपासणारा रजेवर असला तर?”

“थांबायचं.”

“परतच येणार नसला तर?”

त्यांनी वाटीतला काप बोटाने बाजूला केला, पाणी मोरीत ओतलं, नळ बराच वेळ सोडून हात धुतले. तुझ्यासारखेच, कोपरापर्यंत.

“तर पेटी तिथेच,” ते म्हणाले. “बाद नाही करायची. पण पासही नाही.”

बरणीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं, रुमालात बांधली आणि फळीवर ठेवली. या खेपेला पुढे, दिसेल अशी. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, वर्षभरात पहिल्यांदा, त्यांनी मला विचारलं, “जेवायला काय आहे? भूक लागलीय.”

ताई, मी वळून भांड्यांच्या मांडणीकडे बघत उभी राहिले. मग तांदळाचा डबा शोधू लागले.

काल कावळा लगेच आला. पानातली अळूवडी घेऊन गेला. त्यातून काय तो अर्थ तूच काढ. मी आता अर्थ काढण्याच्या कामातून काही दिवस सुट्टी घेतली आहे.

कारण खरं सांगू का, मला अजूनही माहीत नाही. अळंबीचं नाव माहीत नाही. काप विळीचा की गेस्ट हाऊसच्या बोथट सुरीचा, माहीत नाही. तुझी तब्येत तेव्हाच बिघडायला लागली होती का, हात कापत होता का, तळ तू मुद्दाम काढलास की तो नुसताच तुटून रानात राहिला, काही माहीत नाही. तू असतीस तर एका नजरेत सांगितलं असतंस आणि वर म्हणाली असतीस, एवढंही कळत नाही का. नाही कळत. वर्षभर मी लोकांना सांगत आले, की ताई सगळं शिकवून गेली. तू काही शिकवून वगैरे गेली नाहीस. तू नुसती गेलीस.

पण एक कबूल करते. येत्या भाद्रपदात मी भाऊजींना घेऊन त्या देवदारांच्या रानात जाईन. वैदेहीला विचारलं, ती येते म्हणाली. मला चढ चढवत नाही, थंडी सोसत नाही आणि गेस्ट हाऊसविषयीचा तुझा शेरा मी वाचलेला आहे, तरी जाईन. लाल दिसली की मातीसकट काढू, तळ बघू, वैदेही जिभेला लावून थुंकेल आणि सांगेल त्या शब्दांत मी चिठ्ठी लिहीन. नाव, गाव, तारीख, झाड. गोळा करणाऱ्याच्या जागी भाऊजींचं नाव घालीन. खाणार कोणी नाही. नाव कळलं तर बरणीवरही लावू. नाही कळलं तर बरणी जशी आहे तशी राहील, तुझ्या पद्धतीने.

आता थांबते. ओट्याखालच्या कपाटात आज मला नसीमभाभींचे डबे सापडले. स्टीलचे, झाकणाच्या आत ‘न. शे.’ कोरलेले. त्या वर्षभर भाऊजींना काहीबाही देत राहिल्या, आणि भाऊजी डबे घासून, पुसून, एकात एक घालून ठेवत राहिले. डबा परत करायचा असतो हे त्यांना माहीत असावं. रिकामा द्यायचा नसतो, एवढंही माहीत असावं, आणि भरायला काय ते सुचलं नसावं. मी सकाळी रव्याचा शिरा केला. साखर शोधून घातली आहे, चाखूनही पाहिली आहे. सगळ्यात मोठ्या डब्यात तो भरला, बाकीचे पिशवीत घातले. भाभी दार उघडतील तेव्हा म्हणतील, याची काय गरज होती. मी डबे त्यांच्या हातात देईन आणि येईन.

तुझी,
मंजू